पहाणी, पोडी आणि पौती : बेट्टदपुरच्या जमिनीच्या कागदांतून कुळाचा शोध

परमुलखात चार पिढ्या काढलेल्या मराठी घरांत जमिनीची एक आठवण बहुधा असतेच. ‘आपल्याला तिकडे इनाम होते’, ‘अख्खे गाव आपल्या नावाने होते’, ‘तळ्याखालची भातजमीन आपली’ अशा वाक्यांतून ती सांगितली जाते. ‘तिकडे’ म्हणजे नेमके कोठे, असे विचारले की सांगणाराचे बोट नकाशावर भिरभिरू लागते. दर पिढीगणिक इनामाचा आकार थोडाथोडा वाढत जातो, हेही आमच्या पाहण्यात आले आहे. आजोबांच्या तोंडी जे शेत असते ते नातवाच्या तोंडी गाव होते. यात लबाडी नसते. गाव सुटले, भाषा सुटली, कागद वाचता येईनासे झाले, की आठवणीला आवर घालणारे काही उरत नाही.

मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कुळांच्या इतिहासास थोडी जागा द्यावी असे ठरले, तेव्हा आम्ही सर्व मुलखांचा धांडोळा घेण्याऐवजी एकच गाव समोर ठेवावयाचे ठरविले. ते गाव म्हणजे म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण तालुक्याचे बेट्टदपुर. महाराष्ट्रापासून ते इतके दूर आहे की तेथील दप्तरात मराठी शब्द सापडतील अशी कोणी अपेक्षाही करणार नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी ते आम्हांस सोयीचे वाटले.

कन्नडात ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. बेट्टदपुर म्हणजे डोंगराचे गाव. सपाट मुलखातून एकाएकी वर उठलेला हा शंकूसारखा डोंगर समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून उंच आहे. माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे. ‘सिडिलु’ म्हणजे कोसळणारी वीज. वर जाण्यास तीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. हा मुलूख पूर्वी चंगाळ्व राजांचा होता. सतराव्या शतकाच्या मध्यास कंठीरव नरसराज वोडेयर याने पिरियापट्टण जिंकल्यावर तो म्हैसूरच्या राज्यात आला. पश्चिमेस कोडगूची सीमा लागून असल्यामुळे येथे लढाया वारंवार होत. १८०० आणि १८०१ साली फ्रान्सिस बुकानन हा इंग्रज कंपनीच्या आज्ञेवरून या भागात फिरला. त्याच्या प्रवासवृत्तान्तात युद्धांनी उजाड केलेला मुलूख दिसतो.

बेट्टदपुरचे नाव दक्षिणेत आणखी एका कारणाने प्रसिद्ध आहे. संकेती ब्राह्मणांची एक शाखाच ‘बेट्टदपुर संकेती’ म्हणून ओळखली जाते. तमिळ मुलखातून काही शतकांपूर्वी हे लोक इकडे आले, आणि तमिळशी नाते सांगणारी, कन्नडने रंगलेली आपली बोली त्यांनी आजवर घरात जपली. दूरदेशी राहून घरची भाषा टिकविण्याची खटपट करणाऱ्या आपल्या वाचकांस त्यांच्याविषयी आपलेपणा वाटल्यावाचून राहणार नाही.

आता मराठीचा या दप्तरांशी संबंध काय, हा प्रश्न उरतो. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर बंगळूर भागात होती, आणि त्यांच्याबरोबर लेखणी चालविणारी अनेक देशस्थ कुटुंबे दक्षिणेत उतरली. पुढे व्यंकोजीराजे तंजावरास गेले. बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरकडे गेले, पण हिशेबनीस मंडळींची गरज नव्या धन्यासही होतीच. हैदर अलीच्या दरबारात कन्नडाबरोबर मराठीतही लिखापढी चाले. टिपूने फारसीला पुढे आणले, तरी मराठी जाणणारे लेखक राज्यातून नाहीसे झाले नाहीत. १७९९ मध्ये टिपूच्या पाडावानंतर वोडेयरांची गादी पुन्हा स्थापन झाली, तेव्हा दिवाण झालेले पूर्णय्या हे देशस्थ माध्व होते. १८३१ साली इंग्रजांनी राज्यकारभार आपल्या हाती घेतला, आणि १८३४ ते १८६१ एवढा दीर्घ काळ मार्क कब्बन हे आयुक्त होते. त्यांच्या कचेरीतही कन्नड आणि मराठी या दोन भाषांत काम होत असे. इंग्रजीचा अंमल सुरू झाला तो त्यानंतर.

या दप्तरी परंपरेचा आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, पण तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कृष्णराज वोडेयर तिसरे यांच्या कारकिर्दीत ‘शर्त’ नावाची पद्धत बळावली. अंमलदाराने आपल्या तालुक्यातून ठरावीक रक्कम सरकारात भरण्याची हमी द्यावयाची, आणि ती रयतेकडून कशी काढावयाची हे त्याचे तो पाहणार. १८३०–३१ च्या नगरच्या बंडात रयतेचा राग ज्या अंमलदारांवर निघाला, त्यांत देशस्थ मंडळी बरीच होती. तेव्हा ‘आमचे पूर्वज म्हैसुरात अंमलदार होते’ एवढे वाक्य सांगून थांबू नये. ते कोणत्या सालात, कोठे आणि कोणत्या पद्धतीखाली अंमलदार होते, हे पाहून मग बोलावे.

कागदांकडे वळू. सर्वांत जुना ‘कागद’ दगडाचा असतो. बी. एल. राइस यांनी संपादिलेल्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या चौथ्या खंडात, १८९८ साली, हुणसूर तालुक्याचे शिलालेख छापले गेले. बेट्टदपुरच्या आसपासचे लेख पाहावयाचे तर तेथेच पाहावे लागतात, कारण त्या काळी पिरियापट्टण हा हुणसूर तालुक्यातील उपतालुका होता. जुना कागद शोधताना आजच्या तालुक्याच्या नावावर विसंबणारा मनुष्य हमखास चुकीच्या कपाटासमोर उभा राहतो.

दानाच्या लेखांची भाषा ठरीव असते. गावाची चतुःसीमा सांगितलेली असते, दान ‘आचंद्रार्क’ असते, आणि भोगणाऱ्यास आठ प्रकारचे हक्क दिलेले असतात: निधी, निक्षेप, जल, पाषाण, अक्षिणी, आगामी, सिद्ध आणि साध्य. म्हणजे पुरलेले धन, ठेव, पाणी, दगड, टिकून असलेले उत्पन्न, पुढे होऊ शकेल ते, हाती आलेले ते आणि मिळवता येईल ते. ही आठ नावे वाचून पूर्वजांच्या वैभवाने डोळे दिपून जाऊ देऊ नयेत. चार ब्राह्मणांच्या लहानशा वृत्तीलाही हीच भाषा वापरीत. आज घरभाड्याच्या करारनाम्यात वकील जी लांबलचक वाक्ये घालतो, तितकाच त्यांचा अर्थ.

दगडानंतर येते कडत. म्हैसूर मुलखात गावाचा हिशेब शानभोग ठेवीत असे. तो आपल्याकडील कुळकर्णी. कापडाच्या पट्टीवर कोळशाची पूड व चिंचोक्याची खळ यांचा थर देऊन ती काळी कुळकुळीत करावयाची, घड्या घालून तिची वही करावयाची आणि तिच्यावर ‘बळप’ म्हणजे शंखजिऱ्याच्या पांढऱ्या कांडीने लिहावयाचे, ही ती कडत. हिशेब संपला की पुसून पुन्हा लिहिता येई. शृंगेरी मठातील कडते इतिहाससंशोधकांस सुपरिचित आहेत. गावोगावच्या शानभोगांच्या घरांत मात्र कडतांची दशा वाईट झाली. ती काळी कापडे कशाची, हे पुढच्या पिढीस कळले नाही. बोटाने घासले तरी अक्षर जाते, आणि घर झाडताना पुष्कळ गावांचा इतिहास असा झाडून निघाला असेल.

कडत किंवा जुना कागद हाती आला की पहिली अडचण सालाची. शालिवाहन शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले की इसवी सन येतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. फसली सन महसुली वर्षाचा. त्यात ५९० मिळवावयाचे. मराठी मुलखातून पूर्वजांबरोबर आलेल्या मोडी कागदांवर सुहूर सन असतो, आणि तो अरबी अंकशब्दांत लिहितात. ‘तिसैन मया व अलफ’ म्हणजे नव्वद, शंभर आणि हजार, अर्थात ११९०. त्यात ५९९ मिळविले की १७८९ येते. टिपूने मौलूदी नावाचा वेगळाच सन चालू केला होता, त्याचे कागद असतील तर तज्ज्ञाचेच साहाय्य घ्यावे. पुष्कळ कन्नड कागदांवर यांपैकी काहीच नसते, केवळ संवत्सराचे नाव असते. येथे आपले पंचांग उपयोगी पडते, कारण महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही प्रदेशांत संवत्सरांची गणना एकच आहे. पण साठ वर्षांनी तेच नाव फिरून येते. ‘सिद्धार्थी’ संवत्सर १७३९–४० मध्ये आले, १७९९–१८०० मध्ये आले आणि १८५९–६० मध्येही आले. पहिल्यात गादीवर वोडेयर पण सत्ता दळवायांची, दुसऱ्यात टिपू नुकताच पडलेला, तिसऱ्यात कब्बनसाहेबांचा अंमल. एका नावाखाली तीन राजवटी! यांतील कोणती, हे कागदातील नाण्यावरून, अधिकाऱ्याच्या हुद्द्यावरून आणि मोडी अथवा कन्नड वळणावरून ठरवावे लागते.

नाण्याचेही असेच. पिरियापट्टण जिंकणाऱ्या त्याच कंठीरव नरसराजाच्या नावाने ‘कंठीरायी हण’ चालले, आणि एकोणिसाव्या शतकातही बराच काळ म्हैसूरचे हिशेब कंठीरायी वराहांत मांडले जात. दहा हणांचा एक वराह, आणि वराह साधारणपणे तीन रुपयांच्या आसपास.

यापेक्षा मोठा घोटाळा जमिनीच्या मापात होतो, आणि कुळकथांतील इनामे फुगतात ती येथेच. जुन्या म्हैसुरात जमीन बियाण्यावर मोजीत. ज्या जमिनीत एक खंडुग बी पेरले जाई ती एक खंडुग जमीन. वीस कोळगांचा खंडुग, जशी आपल्याकडे वीस मणांची खंडी. भातासाठी बी दाट लागते, कोरडवाहू धान्यासाठी विरळ. साहजिकच ओलिताच्या एका खंडुगाचे क्षेत्र दहा हजार चौरस यार्ड, म्हणजे दोन एकरांहून किंचित अधिक धरीत. तर जिरायत खंडुग चौसष्ट हजार चौरस यार्ड, म्हणजे तेरा एकरांच्या वर जाई. गावोगाव त्यात फरक पडे तो वेगळाच. ‘आमची दहा खंडुग जमीन होती’ असे कोणी सांगू लागला, तर ती वीस एकर भातजमीन असू शकते किंवा सव्वाशे एकरांहून अधिक माळरान असू शकते. दोन्हींचे उत्पन्न कदाचित सारखेच भरेल. बियाण्याच्या मापाची खुबी हीच होती की ते क्षेत्राऐवजी पिकाशी बांधलेले असे. रानाच्या लांबीरुंदीशी शेतकऱ्यास फारसे कर्तव्य नव्हते.

ही सारी जुनी मापे १८६३ नंतर मोडीत निघाली. त्या वर्षी म्हैसूर सरकारने जमिनीची सर्वे व जमाबंदी सुरू केली, आणि तीसाठी नमुना घेतला तो मुंबई इलाख्याचा. हा नमुना आपल्या पुणे जिल्ह्यात जन्मलेला आहे. प्रिंगल यांची त्याआधीची मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्याने काम आरंभिले. १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम पक्के झाले. तेहतीस फुटी साखळी, तेहतीस फूट औरसचौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, प्रत्येक शेताला सर्वे नंबर, मातीची आण्यांत प्रतवारी, आणि तीस वर्षांकरिता ठरविलेला आकार. ही पद्धत दक्षिणेकडे म्हैसुरात गेली तेव्हा आपली भाषाही बरोबर घेऊन गेली.

आज बेट्टदपुरच्या एखाद्या शेताचा उतारा कोणी मराठी वाचकाने कन्नड अक्षरे जुळवीत वाचावयास घेतला, तर त्यास आश्चर्याचा धक्का बसतो. उताऱ्याचे नाव ‘पहाणी’. ती आपली पाहणीच. क्षेत्र आणि आकार यांचे मूळ पत्रक ते ‘आकारबंद’. मोजणीदाराचा हातनकाशा तो ‘टिप्पण’. शेताचे तुकडे पाडले की ‘पोडी’ झाली, आपले फोडणे. पोटतुकडा तो ‘हिस्सा’, नापीक भाग ‘खराबु’, नावाची नोंद ‘खाते’, फळबागेची जमीन ‘बागायतु’. मालक मरण पावला आणि वारसाचे नाव लागले की ते ‘पौती खाते’. पौती म्हणजे आपल्या जुन्या कागदांतील ‘फौत’. जुन्या फ-कारास कन्नड जिभेने प-कार केला, म्हणून फोडीची पोडी झाली आणि फौतीची पौती. वस्ती उठलेले गाव तेथेही ‘बेचिराख’च. यांतील कितीएक शब्द मुळात फारसी-अरबीचे आहेत, हे खरे. पण म्हैसूरच्या दप्तरात ते ज्या रूपात आणि ज्या अर्थाने स्थिरावले त्यावर मराठी हाताची खूण स्पष्ट आहे.

तरीही सावध राहावे लागते. म्हैसूरचा ‘अमलदार’ म्हणजे आपल्याकडील मामलेदार, तालुक्याचा मुख्य. जुन्या कागदांतील ‘फौजदार’ हा पोलिसातला फौजदार नसून एका विभागाचा प्रमुख असे. काही गावांची मिळून ‘होबळी’ होते, आणि बेट्टदपुर हे अशा होबळीचे ठाणे आहे. होबळीवर ‘शेकदार’ देखरेख करी. ‘कावल’ म्हणजे राखीव कुरण. ‘अमृतमहाल कावल’ असे लिहिलेले दिसले तर ते राज्याच्या प्रसिद्ध गोवंशासाठी राखलेले रान होय, आपल्या पूर्वजांच्या महालाशी त्याचा काही संबंध नाही.

इनामांची कथा स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण बहुतेक कुटुंबांचा शोध तेथे येऊन अडतो. सारा पूर्ण माफ असलेले ते ‘सर्वमान्य’, निम्मा माफ ते ‘अर्धमान्य’, अल्पसा ठरीव सारा द्यावा लागे ते ‘जोडी’, आणि कायमच्या ठरावीक रकमेवर दिलेले गाव ते ‘कायमगुत्ता’. तळे बांधल्याबद्दल किंवा दुरुस्त ठेवल्याबद्दल मिळालेली जमीन ‘कोडगी’. देवाच्या नावाने ‘देवादाय’, धर्मकार्यासाठी ‘धर्मादाय’. टिपूने अशी पुष्कळ इनामे सरकारजमा केली. पूर्णय्यांनी त्यांतील काही परत केली. पुढे १८६६ पासून इनाम कमिशनने प्रत्येक इनामाची सनद, वहिवाट आणि वारसा तपासून नव्याने पत्रे दिली. या कमिशनचे दप्तर कुळशोधकास सोन्यासारखे आहे, कारण त्यात इनाम कोणी दिले, कोणास दिले, मूळ पुरुषापासून तत्कालीन भोगवटादारापर्यंत पिढ्या किती, हे दाखवावे लागे. घरात ज्याची वंशावळ तोंडी आहे त्याने ती या तपासणीशी ताडून पाहावी. दोन पिढ्या गळल्या आहेत किंवा एक दत्तक विस्मरणात गेला आहे, असे निघण्याचा संभव फार.

आणि ‘अख्खे गाव आमचे होते’ याचाही उलगडा येथे होतो. गाव ‘जोडी’ने मिळणे म्हणजे त्या गावाचा सारा वसूल करण्याचा आणि त्यातून ठरीव रक्कम सरकारात भरून बाकीचे ठेवण्याचा हक्क मिळणे. शेते कसणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच असत, आणि त्यांचा जमिनीशी संबंध इनामदाराच्या सनदेहून कितीदा जुना असे. स्वातंत्र्यानंतर म्हैसूर राज्याने १९५४ मध्ये व्यक्तिगत व संकीर्ण इनामे आणि १९५५ मध्ये धार्मिक व धर्मादाय इनामे रद्द करणारे कायदे केले. त्या वेळी कुळांची वर्गवारी करावी लागली, आणि सर्वांत जुन्या कुळांस ‘कदीम’ असे नाव मिळाले. वंशपरंपरेची शानभोगी आणि पटेलकी १९६१ च्या कायद्याने संपली. त्यानंतर १९७४ ची जमीन सुधारणा आली. मुख्यमंत्री देवराज अर्स हे शेजारच्या हुणसूर तालुक्याचेच. १ मार्च १९७४ पासून कुळवहिवाट संपुष्टात आली, आणि कसणाऱ्याने नमुना सातमध्ये अर्ज करून लवादापुढे आपला हक्क मांडावयाचा होता.

येथे पहाणीच्या रचनेस एकदम महत्त्व आले. पहाणीच्या नवव्या रकान्यात मालकाचे नाव असते, बाराव्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याचे. आपल्या सात-बाराचे वरचे आणि खालचे अंग डोळ्यांपुढे आणले की हे ध्यानात येईल. मराठी कुटुंबांपैकी ज्यांची मुले शिकून बंगळूर, मद्रास, मुंबई आणि पुढे समुद्रापार गेली, त्यांचे नाव नवव्या रकान्यात राहिले आणि बाराव्यात दुसऱ्याचेच नाव दर वर्षी चढत गेले. १९७४ नंतर हे बारावे नाव नवव्या रकान्यात आले. आपल्या घरांत ही हकीकत ‘जमीन गेली’ या दोन शब्दांत सांगतात. बेट्टदपुरच्या परिसरातील एखाद्या घरात हीच हकीकत ‘जमीन आली’ अशी सांगितली जात असेल, आणि त्या घराचा कुळवृत्तान्त लिहावयाचा तर त्याला आधारही याच कागदाचा घ्यावा लागेल. आम्हांस असे वाटते की जुना कागद वाचणाऱ्याने दोन्ही रकाने उतरून घ्यावेत. आपले नाव तेवढे टिपून घेणाराचे काम अर्धे राहते. आणि जमीन परत मिळविण्याच्या आशेने कोणी या शोधास लागणार असेल, तर त्याने हा लेख येथेच मिटून वकील गाठावा.

नावाचा प्रश्न कुळशोधात सर्वांत चिवट. महाराष्ट्रात आडनाव पाठ सोडीत नाही. म्हैसुरात ते दोन पिढ्यांत गळून पडते. कुळकर्णी, देशपांडे जाऊन नुसते ‘राव’ राहतात. गावाचे आद्याक्षर, बापाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव, एवढ्यावर तेथील व्यवहार चालतो. दप्तरात आडनाव शोधीत बसणारास काहीच मिळणार नाही. शोधावयाचे ते बापाचे नाव. कन्नड पहाणीत मुलाच्या आणि बापाच्या नावांमध्ये ‘बिन’ असतो, जसा आपल्याकडील जुन्या कागदांत असे. साखळी अशी लावावयाची: आजचे नाव, त्याचा ‘बिन’, मग त्या ‘बिन’चे नाव ज्या पौती नोंदीत मालक म्हणून सापडेल ती नोंद, आणि तेथून आणखी मागे. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली चाल येथे मोठी फसवी ठरते. एकाच शेतावर साठ वर्षांच्या अंतराने तेच नाव आणि तोच ‘बिन’ उलटा झालेला दिसतो, आणि उतावळा शोधक दोन माणसांचा एक माणूस करून मोकळा होतो.

‘बिन’प्रमाणे ‘कोम’ही आहे. स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ लिहून पतीचे नाव देतात. मराठी दप्तरांतही ही रीत होती. वंशावळीत स्त्रियांना जागा नसते. कोणाची लेक, कोणाची सून, एवढेसुद्धा कोणी लिहीत नाही. जमिनीच्या कागदात मात्र त्या अवचित भेटतात, आणि बहुतेक वेळा त्या विधवा असतात. नवरा फौत, मुले अज्ञान, म्हणून खाते तिच्या नावे झाले. तिने किती वर्षे सारा भरला, शेत कोणाकडून कसून घेतले, मुलगा मोठा झाल्यावर नाव केव्हा बदलले, हे सर्व त्या नोंदींतून काढता येते. सनदेतील मूळ पुरुषाचे गुणगान करणाऱ्या घरांत या बाईचे नावही कोणास ठाऊक नसते. जमीन टिकली ती पुष्कळदा तिच्यामुळे.

आता हे कागद आहेत कोठे? २००० सालापासून कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजनेखाली पहाणीची नोंद संगणकावर आणली, आणि सर्वे नंबर ठाऊक असेल तर आजचा उतारा परदेशात बसूनही पाहता येतो. पण ती नोंद सुरू होते ती संगणकीकरणाच्या वेळेपासून. त्यामागच्या हस्तलिखित पहाण्या, म्युटेशनची नोंदवही आणि हक्कनोंदीचे पत्रक यांसाठी तालुका कचेरीच्या दप्तरखान्यात अर्ज करावा लागतो. आकारबंद आणि टिप्पण मोजणी खात्याकडे. संस्थानी काळचे कागद बंगळूर येथील कर्नाटक राज्य पुराभिलेखागारात पाहावयास मिळतात. कन्नड येत नसेल तरी निराश होऊ नये. अक्षरे आणि अंक महिन्याभरात ओळखता येतात, आणि त्यानंतर शब्दांपैकी निम्मे आपलेच आहेत. मोडीला अधिक दिवस द्यावे लागतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ही लिपी शिकविण्याची परंपरा चालू ठेवली आहे.

सर्वे नंबर ठाऊक नसेल तर? तेव्हा चतुःसीमेचा उपयोग होतो. सर्वेपूर्व कागदात शेताला नंबर नसतो, पण पूर्वेस कोणाचे गद्दे म्हणजे भातखाचर, पश्चिमेस कोणते तोट म्हणजे बाग, दक्षिणेस तळ्याची कोडी म्हणजे सांडवा, उत्तरेस गाडीवाट, हे लिहिलेले असते. गावाचा सर्वे नकाशा घेऊन तळे, ओढा आणि वाट प्रथम शोधावी. पाणी आणि वाट सहसा जागा सोडीत नाहीत. मग शेजाऱ्यांची नावे सर्वे काळच्या खातेदारांशी ताडावीत. चार शेजाऱ्यांपैकी दोघांचे वंशज त्याच जागी सापडले की आपले शेत त्यांच्या मधोमध आलेच. अशा वेळी आपल्या कुळाची साक्ष शेजाऱ्याचे कूळ देते.

शेवटी, घरातील पेटीविषयी. ज्यांच्याकडे मोडी रुमाल, सनदा किंवा कडते असतील त्यांनी ती उघडण्यापूर्वी एवढे करावे: पुडके जसे बांधले असेल तसे त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि कागद ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने त्यांच्या पाकिटांवर पेन्सिलीने आकडे घालावेत, कागदांवर घालू नयेत. पूर्वीचा दप्तरदार एका प्रकरणाचे कागद एकत्र बांधी. बिनसालाच्या चिठ्ठीचे साल तिच्या वरच्या आणि खालच्या कागदावरून कळते. एकदा क्रम मोडला की ते कळण्याचा मार्ग उरत नाही. कडतावरून हात फिरवू नये, ओले फडके तर मुळीच लावू नये. घडी उलगडून, तिरपा प्रकाश टाकून, त्याचेही छायाचित्र आधी घ्यावे.